डॉल्फिन “स्वतःहून बोटीकडे येतात”? एका फॉरवर्डला उत्तर

दिवाळीची सुट्टी तोंडावर आली की कोकणातल्या डॉल्फिन राईडविषयीचा एक मजकूर नातेवाइकांच्या, सोसायटीच्या, शाळासोबत्यांच्या ग्रुपांवर फिरायला लागतो. शब्द दरवेळी थोडे बदलतात, सूर तोच. थोडक्यात असा:

“डॉल्फिन हा माणसाचा मित्र. बोटीचा आवाज ऐकला की तो स्वतःहून जवळ येतो, हसतो, उड्या मारून स्वागत करतो. आपल्याकडच्या डॉल्फिनना बोटींची सवय झालेली आहे, त्यांना काही त्रास होत नाही. नुसतं बघण्यात बेकायदा काहीच नाही. जाळ्यात अडकून मरतात त्यांचं बोला, पर्यटकांवर कशाला घसरता? परदेशातले नियम इथे आणून कोकणच्या पोरांच्या पोटावर पाय देऊ नका. आणि शंभर मीटरवरून ठिपकेच बघायचे तर घरी बसून यूट्यूबवर बघा.”

खाली एका बोटीचा मोबाईल नंबर, आणि मावळत्या सूर्यासमोर कमान करून उडी मारणारा डॉल्फिन.

ही वाक्यं एकेक करून घेऊ. त्याआधी एवढंच सांगतो की डॉल्फिन बघायला जाऊ नका, असं मी कुणाला म्हणणार नाही. मी जातो, घरी आलेल्या पाहुण्यांनाही नेतो. माझं भांडण पाठलागाशी आहे, आणि हा मजकूर पाठलागच ‘बघणं’ म्हणून खपवतो.

“बोटीचा आवाज ऐकला की स्वतःहून जवळ येतो”

आधी तो फोटो बाजूला ठेवू. तशी कमान टाकणारे, बोटीच्या नाळेपुढे (म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकापुढे) झुंडीने पळणारे डॉल्फिन जगात आहेत. बॉटलनोज आहेत, स्पिनर आहेत. बोट वेगात निघाली की नाळेपुढे पाण्याचा दाब तयार होतो आणि त्यावर स्वार होऊन पुढे सरकायला या जातींना आवडतं, हेही खरं. पण दापोलीजवळच्या मुरुड-कर्द्यापासून हर्णै, गुहागर, तारकर्ली, देवबाग, निवतीपर्यंत आणि पुढे गोव्यात सिकेरी-पाळोळेपर्यंत पर्यटकांना बोटीतून जे डॉल्फिन दाखवतात, ते बहुतेक वेळा हम्पबॅक डॉल्फिन असतात. पाठीवर लांबट उंचवटा, त्यावर छोटा पर (पाठीवरचा पंख), रंग राखाडी, चोच लांब. दक्षिण आफ्रिकेपासून भारताच्या किनाऱ्यापर्यंत सापडणारा हा प्राणी २०१४ साली वेगळी जात म्हणून मान्य झाला, आणि आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या लाल यादीत तो ‘संकटग्रस्त’ वर्गात आहे. ही जात बोटीच्या नाळेपुढे क्वचितच पोहते. स्वभावाने ती बोटीपासून अंग चोरणारी आहे.

मग तो बोटीजवळ दिसतो कसा? कारण बोट त्याच्याजवळ गेलेली असते. हम्पबॅक डॉल्फिन उथळ पाण्यातला रहिवासी आहे. साधारण वीस-पंचवीस मीटरपेक्षा जास्त खोलीत तो फारसा जात नाही. खाडीच्या मुखाशी, जिथे भरती-ओहोटीबरोबर बोय, ढोमा, तारली असे मासे आत-बाहेर करतात, तिथे त्याचं रोजचं ताट मांडलेलं असतं. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तो संगम घ्या, दाभोळची किंवा आंजर्ल्याची खाडी घ्या. ‘डॉल्फिन पॉईंट’ म्हणून बोटवाले जी जागा दाखवतात ती बहुतेकदा डॉल्फिनची जेवायची जागा असते. तिथे तो आधीपासून असतो, आणि राईड सुरू झाली की आपण तिथे पोचतो.

पोचतो कसे, हेही बघा. सकाळी सातला पहिली बोट निघते. तिला पर दिसला की तांडेल, म्हणजे बोट चालवणारा, मोबाईल काढतो. दहा मिनिटांत बाकीच्या बोटी मशीन पूर्ण वेगात सोडून तिकडे येतात. डॉल्फिन बुडी मारतो, मिनिटभराने पन्नास-साठ मीटर पुढे वर येतो. कुणीतरी ओरडतो, “तिकडे, तिकडे!” सगळ्या बोटींची तोंडं तिकडे वळतात. तो पुन्हा बुडतो. तिसऱ्या-चौथ्या खेपेला बोटी त्याच्या दोन्ही अंगांना असतात आणि तो मध्ये वर येतो. बोटीतल्यांच्या मोबाईलमध्ये जे चित्रण होतं त्यात तो ‘जवळ आलेला’ दिसतो.

आवाजाचा मुद्दा तर पूर्ण उलटा आहे. पाण्यात आवाज सेकंदाला सुमारे १,५०० मीटर जातो, हवेतल्यापेक्षा चौपटीहून जास्त वेगाने, आणि दूरवर टिकतो. कोकणच्या किनाऱ्यालगतचं पाणी गढूळ. तिथे डोळ्यांचा उपयोग बेताचाच. डॉल्फिन कानांवर जगतो: स्वतःच्या टिकटिक आवाजाचा प्रतिध्वनी ऐकून मासा शोधतो, शिट्ट्यांनी एकमेकांचा पत्ता ठेवतो. ढोमा-घोळीसारखे मासे स्वतःही आवाज काढतात, हे होडीच्या तळाला कान लावून मासळीचा माग काढणाऱ्या जुन्या मच्छीमारांना वेगळं सांगायला नको. बोटीच्या मागे लावलेल्या आऊटबोर्ड मशीनचा पंखा जोरात फिरला की त्याच्याभोवती बुडबुडे तयार होऊन फुटतात, आणि तो खरखराट नेमका या सगळ्यावर पसरतो. पाच-सहा मशीनं एकाच जागी गरगरत असताना त्या प्राण्याला जेवण सापडणं अवघड, पिल्लाला आईची शिट्टी ऐकू येणं अवघड. या आवाजाला तो ‘स्वागत’ करायला येतो, असं म्हणायला बरंच धाडस लागतं.

“हसतो”

डॉल्फिनच्या जबड्याची ठेवणच तशी आहे. आपल्यासारखे चेहऱ्यावर भाव उमटवणारे स्नायू त्याला नाहीत. किनाऱ्यावर मरून लागलेला डॉल्फिनही ‘हसत’च असतो. यावर याहून जास्त लिहायची गरज नाही.

“उड्या मारून स्वागत करतो”

उडी हा डॉल्फिनच्या आयुष्यातला एक शब्द नव्हे, त्याचे अर्थ बरेच आहेत. मासे दाटीने वर आणायला उडी, एकमेकांच्या मागे लागताना उडी, अंगावर चिकटलेलं काही झटकायला उडी, कधी निव्वळ मस्ती. बोट लांब असताना, डॉल्फिन आपल्या नादात असताना मारलेली उडी बघायला मिळाली तर भाग्यच समजा. पण बोट डोक्यावर आलेली असताना शेपटी पाण्यावर आपटणं हे बहुधा वैतागाचं लक्षण असतं, आणि बोटीत नेमक्या त्याच वेळी टाळ्या पडतात.

चिन्हं ओळखणं अवघड नाही. एरवी विखरून पोहणारा कळप अचानक एकमेकांना चिकटला, बुड्या लांबल्या, दरवेळी वर येताना तोंड बोटीच्या उलट दिशेला, वेग वाढला, वर आल्यावर श्वास आखूड झाला, म्हणजे ते निघायला बघताहेत. चांगल्या तांडेलाला हे सगळं कळतं. त्याला वल्ही हातात घेतल्यापासून समुद्र वाचायची सवय असते. अडचण अशी की बोटीतल्या बाराजणांनी पैसे दिलेले असतात आणि ते ‘जवळ घ्या की’ म्हणत असतात.

कळपात पिल्लू असेल तर गोष्ट अधिक नाजूक. या जातीची मादी दहा वर्षांच्या आसपास वयात येते आणि साधारण तीन वर्षांतून एकदा विते, एकच पिल्लू. ते आईच्या कुशीशी, तिच्या अंगाने ढकललेल्या पाण्याचा आधार घेत पोहतं. दूध पिणं काही सेकंदांचं असतं, पाण्याखाली, आई संथ असतानाच. आईला दर दोन मिनिटांनी दिशा बदलावी लागली तर त्या सेकंदांचं काय होतं, ते कुणालाही कळेल.

“सवय झालेली आहे”

फॉरवर्डमधलं सगळ्यात पटणारं वाक्य हेच, म्हणून यावर थोडा जास्त वेळ.

पश्चिम ऑस्ट्रेलियात शार्क बे नावाचा उपसागर आहे. तिथल्या बॉटलनोज डॉल्फिनची ओळख परांवरच्या खाचांवरून पटवून, एकेकाचा हिशेब ठेवत अनेक दशकं अभ्यास चालला आहे. तिथे डॉल्फिन दाखवणारी आधी एक कंपनी होती, मग दोन झाल्या. संशोधक लार्स बेजडर आणि सहकाऱ्यांनी २००६ साली त्याचा निकाल प्रसिद्ध केला. दुसरी कंपनी आल्यावर पर्यटनाच्या भागातली डॉल्फिनची घनता सरासरी १४.९ टक्क्यांनी घटली. म्हणजे सातातला जवळपास एक कमी झाला. जिथे पर्यटन नव्हतं त्या शेजारच्या भागात अशी घट नव्हती. लक्षात घ्या, बोटींचा ताफा वाढला नव्हता. एकाच्या दोन कंपन्या झाल्या होत्या, त्याही परवानाधारक, नियम पाळणाऱ्या. तिथल्या सरकारने पुढे दोनातला एक परवाना कमी केला.

त्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. जिथे बोटी जास्त होत्या तिथले डॉल्फिन बोट जवळ आली तर कमी दचकत. बघणाऱ्याला वाटावं, सवय झाली. पण एकेकाची ओळख ठेवलेली असल्यामुळे कळलं की जे दचकणारे होते ते तो भाग सोडून गेले असावेत, आणि उरलेत ते सोसणारे. ‘सवय झालेले’ दिसतात त्यांच्यामागे न दिसणाऱ्यांची एक यादी असू शकते. एकेका डॉल्फिनची ओळख न ठेवता, नुसतं बोटीतून बघून, सवय झाली असं कुणालाच म्हणता येत नाही. वीस वर्षं बोट चालवणाऱ्यालाही नाही.

“मग तरीही आपल्याकडे रोज दिसतातच ना?” हा पुढचा प्रश्न येतो. दिसतात, कारण जातील कुठे? खोल समुद्र त्यांचा नाही. किनाऱ्यालगतच्या उथळ पट्ट्यातच त्यांचं अन्न. त्या पट्ट्यात बंदरं आहेत, जाळी आहेत, सांडपाणी आहे, आणि आता राईड आहेत. मार्च २०२० मध्ये लॉकडाऊन लागला तेव्हा मुंबईच्या किनाऱ्याजवळच्या डॉल्फिनचे व्हिडिओ ‘निसर्ग परत आला’ म्हणून फिरले होते. ते परत आले नव्हते. मुंबईच्या समुद्रात ते त्याआधीही होते, एवढ्या गोंगाटात आणि घाणीतही. तेव्हा डॉल्फिन दिसतो आहे यावरून तो सुखात आहे, हे सिद्ध होत नाही. त्याला दुसरी जागा नाही, एवढंच कळतं.

याच मुद्द्याला जोडून मासे, बिस्किटं टाकण्याबद्दल. काही जण म्हणतात, खाऊ दिला तर त्यांचं भलंच होतं. शार्क बेमध्येच मंकी मिया नावाच्या किनाऱ्यावर डॉल्फिनना हातून मासे देण्याची जुनी प्रथा आहे. ज्या माद्या किनाऱ्यावर येऊन मासे खात, त्यांची पिल्लं इतरांच्या पिल्लांपेक्षा जास्त मरत असल्याचं लक्षात आलं आणि तिथे खाऊ घालण्यावर कडक मर्यादा आल्या. आपल्याकडे आपसूक जेवणारा डॉल्फिन आहे, त्याला कुरकुरे शिकवायची काही गरज नाही.

“नुसतं बघण्यात बेकायदा काहीच नाही”

बघण्यात नाही, बरोबर. पण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ मध्ये डॉल्फिन पहिल्या अनुसूचीत आहेत, वाघाच्या रांगेत. आणि याच कायद्यातल्या शिकारीच्या व्याख्येत फक्त मारणं येत नाही. प्राण्याचा पाठलाग करणं, त्याला हाकून नेणं, आमिष टाकणं आणि यातल्या कशाचाही प्रयत्न करणं, हे सगळं त्या व्याख्येत येतं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याच्या शिकारीला किमान तीन वर्षं, कमाल सात वर्षं कैद आणि २०२२ च्या दुरुस्तीनंतर किमान २५,००० रुपये दंड आहे.

उद्या वनखात्याने तारकर्लीच्या किनाऱ्यावर उभं राहून तांडेलांना पकडावं, असं मला म्हणायचं नाही. तसं झालं तर सगळ्यात गरीब माणूस अडकेल, आणि ‘जवळ घ्या’ म्हणणारे पुण्या-मुंबईला घरी पोचलेले असतील. पण ‘काहीच बेकायदा नाही’ असं लिहून लोकांना निर्धास्त करणं ही तर बोटवाल्यांचीच फसवणूक आहे.

“जाळ्यात मरतात त्यांचं बोला”

हे वाक्य बरंचसं खरं आहे. हम्पबॅक डॉल्फिनला आज सगळ्यात मोठा धोका जाळ्यांचा आहे, विशेषतः गिलनेटचा, म्हणजे पाण्यात भिंतीसारख्या उभ्या सोडलेल्या जाळ्यांचा. राईडच्या बोटीने डॉल्फिन मरण्यापेक्षा जाळ्यात गुदमरून मरण्याचं प्रमाण कितीतरी जास्त. हे नाकारून पर्यटकांना खलनायक करणारी पोस्टही मला तितकीच खोटी वाटते.

पण मग जाळ्यांचं बोलायचं तर नीट बोलू. महाराष्ट्र सरकारने डिसेंबर २०१८ मध्ये एक योजना आणली. जाळ्यात डॉल्फिन, देवमासा, कासव असा संरक्षित प्राणी अडकला आणि मच्छीमाराने जाळं कापून तो सोडला, तर जाळ्याच्या नुकसानीपोटी २५,००० रुपयांपर्यंत भरपाई मिळते. मच्छीमारांनी तसे प्राणी सोडले, चित्रण करून अर्ज केले, पैसे मिळवले. ज्याच्या हातून सगळ्यात जास्त नुकसान होतं असं हा फॉरवर्ड म्हणतो, तोच माणूस हजारोंचं जाळं आपल्या हाताने कापतो. त्याच्याकडे बोट दाखवून आपण पन्नास मीटर मागे राहायला नकार द्यायचा, हा युक्तिवाद मला तरी जरा लाजिरवाणा वाटतो.

शिवाय दोन्ही त्रास त्याच प्राण्याला होतात. जाळ्यांमुळे आधीच घटलेल्या, तीन वर्षांनी एक पिल्लू देणाऱ्या जातीला रोज सकाळी दोन तास धावायला लावणं परवडत नाही. आणि पंख्याने कधी कुणी मरत नाही, हेही खरं नाही. ओडिशाच्या चिलिका सरोवरात इरावडी डॉल्फिन आहेत, सातपडा गावातून ते दाखवायला मोटारबोटी निघतात. सरोवर उथळ. तिथे बोटीच्या पंख्याने जखमी झालेल्या आणि मेलेल्या डॉल्फिनच्या नोंदी आहेत.

“परदेशातले नियम आणून पोटावर पाय देऊ नका”

हवाईमधलं उदाहरण आधी. तिथले स्पिनर डॉल्फिन रात्री खोल समुद्रात शिकार करतात आणि दिवसा किनाऱ्याजवळच्या उथळ, शांत उपसागरांत येऊन झोपतात. पर्यटक दिवसाच येणार. म्हणजे दर दिवशी त्यांच्या झोपेच्या वेळी माणसं पाण्यात उतरणार. अखेर ऑक्टोबर २०२१ मध्ये अमेरिकेने नियम केला की मुख्य बेटांच्या किनाऱ्यापासून दोन सागरी मैलांच्या आत या डॉल्फिनच्या ५० यार्डांच्या, म्हणजे सुमारे ४५ मीटरच्या आत जायचं नाही. बोटीने नाही, पोहूनही नाही. राईड बंद झाल्या नाहीत. अंतर आलं.

“ते अमेरिकेला परवडतं” असं कुणी म्हणेल, म्हणून इजिप्त. तांबड्या समुद्रात मर्सा आलमजवळ समदाई नावाचं प्रवाळांचं अर्धगोल कुंपण आहे. त्याच्या आतल्या शांत पाण्यात स्पिनर डॉल्फिन दिवसा विसावतात. बोटींची इतकी गर्दी झाली की जागा काही काळ बंद करावी लागली. २००४ पासून तिथे पाण्याचे भाग पाडले: एक भाग फक्त डॉल्फिनचा, तिथे कुणीच जायचं नाही, दुसऱ्यात पोहणारे, तिसऱ्यात बोटी नांगर टाकणार. प्रवेशाला तिकीट आहे, माणसांच्या संख्येवर मर्यादा आहे. डॉल्फिनने कुठल्या भागात यायचं ते डॉल्फिन ठरवतो. पर्यटक येतातच.

टांझानियातल्या झांझिबार बेटावर किझिमकाझी गाव आहे. तिथले लोक पूर्वी डॉल्फिन मारत, शार्कच्या गळाला त्यांचं मांस लावत. १९९० च्या दशकात पर्यटन आलं आणि जिवंत डॉल्फिन जास्त कमवून देतो असं दिसल्यावर शिकार थांबली. डॉल्फिन पर्यटनाच्या बाजूने याहून मोठा पुरावा नाही आणि मी तो आनंदाने मांडतो. मात्र त्याच गावात पुढे बोटींची गर्दी आणि पाण्यात उड्या टाकणारे पर्यटक इतके वाढले की डॉल्फिनचा विसावा आणि जेवण दोन्ही कमी होत असल्याचं अभ्यासकांनी नोंदवलं. शिकार थांबवणारं पर्यटन स्वतः शिकाऱ्यासारखं वागायला लागलं तर गावाच्या हाती काय राहणार?

आता पोटाबद्दल, कारण हा मुद्दा फॉरवर्ड लिहिणाऱ्याला वाटतो त्यापेक्षा गंभीर आहे. कोकणात बोटीचा सीझन ऑक्टोबर ते मे. त्यातल्या खऱ्या गर्दीच्या आठवड्यांवर वर्षाचं गणित बसतं. फायबरची बोट, मशीन, दुरुस्ती, विमा, लाईफ जॅकेटं, त्यावर कर्जाचा हप्ता. गिऱ्हाईक आणून देणाऱ्याला कमिशन. त्यात गोव्यातून आलेली ‘डॉल्फिन नाही दिसला तर पैसे नाहीत’ ही पाटी. या पाटीने किती नुकसान केलंय, त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. ती लावली त्या दिवसापासून डॉल्फिन न दिसण्याची जोखीम पर्यटकाच्या खिशातून निघून बोटवाल्याच्या डोक्यावर बसली. मग तो मशीन जोरात सोडणार, बाकीच्यांच्या पुढे काढणार, डॉल्फिनच्या डोक्यावर नेणार, नाहीतर इंधनाचे पैसे स्वतःच्या खिशातून जाणार. पाठलाग हा तांडेलाचा दुष्टपणा नाही. ज्या कराराने आपण बोटीत बसतो, त्याच करारात तो लिहिलेला असतो.

म्हणून नियम खरं तर बोटवाल्याच्या फायद्याचे आहेत. रिक्षा स्टँडवर जसा नंबर लागतो, तसा डॉल्फिन पॉईंटवर नंबर लागला तर काय होईल? एका वेळी दोन-तीन बोटी, ठरावीक वेळ, मग पुढच्या तिघी. कुणालाच शर्यत लावावी लागणार नाही. इंधन वाचेल, मशीन टिकेल. एका अंगाला सगळे प्रवासी धावून बोट कलण्याचा धोका, जो तांडेलाच्या काळजात कायम असतो, तोही कमी होईल. दर संघटनेने ठरवला तर ‘अमका शंभर रुपये कमी घेतो’ हा खेळ थांबेल. ऑस्ट्रेलियाच्या २०१७ च्या राष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांमध्ये हेच आहे: डॉल्फिनपासून १५० मीटरच्या आत एका वेळी तीनच बोटी, त्याही लाट न उठवणाऱ्या वेगाने, ५० मीटरच्या आत जायचं नाही, पिल्लू असेल तर १५० मीटरच्या आतच यायचं नाही. यातलं एकही वाक्य आपल्या समुद्राला परकं नाही.

आणि नियम बाहेरूनच येतात असंही नाही. मालवणला १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. सिंधुदुर्गात डॉल्फिनचा अभ्यास करणारी मंडळी आणि मच्छीमार यांनी एकत्र काम केलं आहे. वेंगुर्ल्याच्या मांडवी खाडीत बचतगटातल्या बायका वल्ह्याच्या होडीतून कांदळवन दाखवतात. मशीनचा आवाज नाही, तरी लोक पैसे देऊन जातात, आणि परत येऊन दुसऱ्यांना सांगतात.

“शंभर मीटरवरून ठिपकेच दिसतात”

पहिलं म्हणजे शंभर मीटर सगळीकडे मागत नाहीत. वर दिलेले नियम बघा, पिल्लू नसेल तर अंतर ५० मीटरच्या आसपासचं आहे. किनाऱ्यावर पन्नास मीटर पावलांनी मोजा आणि तिथे कुणाला तरी उभं करा. चेहरा ओळखता येतो. डॉल्फिन माणसापेक्षा लांब असतो.

दुसरं, बोट थांबलेली असेल तर अंतर तसंही कमी होतं, फक्त ते डॉल्फिनने कमी केलेलं असतं. बाजूने, त्यांच्याच दिशेने, हळू जायचं. समोरून आडवं नाही, कळपाच्या मधून नाही. मग मशीन न्यूट्रलला. जवळपास डॉल्फिन नाहीत याची खात्री करूनच पुन्हा गिअर. थांबलेल्या बोटीतून काय दिसतं ते धावत्या बोटीतून कधीच दिसत नाही. आधी चोच तिरकी वर येते, मग कपाळ, मग पाठीचा उंचवटा, शेवटी पर, आणि खोल बुडी असेल तर शेपटीची दोन पाती. पिल्लू आईपेक्षा फिकट असतं आणि तिच्या पाठोपाठ नाही, तिच्याबरोबरच वर येतं. मशीन बंद असेल तर श्वास ऐकू येतो, जोरात फुंकर मारल्यासारखा, आणि दोघातिघांचे श्वास वेगवेगळे ओळखता येतात. माझ्या ओळखीच्या एका तांडेलाला त्यावरून किती जण आहेत ते सांगता येतं. साधी दुर्बीण जवळ ठेवा. मोबाईलच्या कॅमेऱ्यात झूम करून काही हाती लागत नाही. त्याच्या नादात प्रत्यक्ष दिसणारंही निसटतं.

सकाळी लवकर जा, वारा पडलेला असताना. पाणी सपाट असलं की पर लांबूनही उठून दिसतो, आणि तांडेलालाही शोधाशोध करावी लागत नाही. वीस-पंचवीस मिनिटं पुरे. त्यानंतर कळपाला त्याच्या कामाला सोडून द्या.

बोट ठरवताना किनाऱ्यावरच विचारा: “दादा, लांबूनच दाखवाल ना? आम्हाला घाई नाही, पाठलाग नको.” माझा अनुभव असा की हे ऐकल्यावर बहुतेक तांडेल सैलावतात, आणि मग राईडभर समुद्राविषयी जे सांगतात ते कुठल्याही गाईडकडे नसतं. कुणी ‘हात लावून दाखवतो’ म्हणाला तर दुसरी बोट बघा. ‘नाही दिसला तर पैसे नाहीत’ ही पाटी दिसली तर तिथेही बसू नका. आणि नाहीच दिसले डॉल्फिन, तर ठरलेले पैसे पूर्ण द्या. इंधन तर त्याचं जळलंच आहे.